कंदील, उटणं, पणत्या: दिवाळीच्या घरगुती वस्तूंबद्दल तुमचे प्रश्न

दसरा जवळ आला की या सदराकडे येणाऱ्या प्रश्नांचा रोख दिवाळीकडे वळतो. शेजाऱ्यांना, बहिणीला, घरकामाला येणाऱ्या ताईंना स्वतः केलेलं काही द्यावं, अशी इच्छा बहुतेक पत्रांत आहे आणि आम्हाला तिचं फार अप्रूप आहे. यंदाचे प्रश्न वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर आली. वस्तू बिघडली ती हात चुकला म्हणून कमी, आणि ओल राहिली म्हणून जास्त. परतीचा पाऊस नुकताच संपलेला असतो, घरातला बांबू, डाळी, माती, कागद सगळंच दमट असतं आणि आपण घाईत कामाला लागतो. पुढच्या उत्तरांत जिथं जिथं 'वाळवा' असं म्हटलं आहे, तिथं कृपया एक पायरीही गाळू नका.

प्रश्न: बांबूच्या कामट्यांचा पारंपरिक आकाशकंदील दोन वर्षं करून पाहिला. चौकोन नीट बांधतो, पण सगळे एकमेकांना जोडले की सांगाडा पिळतो आणि कागदाला सुरकुत्या पडतात. कुठं चुकतं? (डोंबिवली)

चौकोन बांधण्यात तुमचं काही चुकत नाही. हा सांगाडा मुळातच ताठ नसतो. सहा चौकोन कोपऱ्याला कोपरा लावून जोडले की मधे आठ त्रिकोण आपोआप तयार होतात. त्रिकोण हलत नाही, पण चौकोन हलतो. चारही बाजू तेवढ्याच राहून तो शंकरपाळ्यासारखा तिरका होऊ शकतो. सहाही चौकोन एकाच वेळी थोडे थोडे तिरके झाले की अख्खा कंदील पिळतो. त्यामुळे कागदाला हात लावण्याआधी प्रत्येक चौकोनाला कर्ण द्यावा लागतो. बहुतेक जण नेमकी हीच पायरी गाळतात.

आता मापं. 20 सेंटिमीटर बाजूचा चौकोन धरू. त्यासाठी 21 सेंटिमीटरच्या 24 कामट्या लागतील, कारण गाठ बसायला दोन्ही टोकांना अर्धा सेंटिमीटर बाहेर ठेवायचा. दोन-तीन जास्तीच्या ठेवा, एखादी मोडतेच. रुंदी 4 ते 5 मिलिमीटर, जाडी 3 मिलिमीटर. बुरुडाकडून आणलेल्या कामट्या हिरवट दिसत असतील तर आठवडाभर उन्हात ठेवा. ओला बांबू वाळताना आकसतो आणि घट्ट मारलेली गाठही सैल पडते. दसऱ्याला बांधलेला कंदील धनत्रयोदशीला खिळखिळा होतो तो यामुळे. कडा पॉलिश पेपरने घासून घ्या, नाहीतर कुसळं हातात जातात आणि कागदही फाटतो.

सहा चौकोन बांधून झाले की एक जमिनीवर आडवा ठेवा. हा तळ. त्याच्या चार कोपऱ्यांना एकेक चौकोन टोकावर उभा बांधा. शेजारशेजारच्या उभ्या चौकोनांचे बाजूचे कोपरे एकमेकांना बांधा, त्या चार गाठी. मग वर सहावा चौकोन ठेवून त्याचे कोपरे उभ्या चौकोनांच्या वरच्या टोकांना बांधा. खाली चार, मधे चार, वर चार, अशा 12 जोडगाठी झाल्या पाहिजेत. आधी रबरबँडने सगळं जोडून आकार डोळ्याखालून घाला आणि मगच दोऱ्याच्या गाठी मारा. दोरा मेण लावलेला असेल तर घसरत नाही.

यानंतर कर्ण. 20 सेंटिमीटर बाजूच्या चौकोनाचा कर्ण 28.3 सेंटिमीटर येतो. वरच्या चौकोनात या मापाची एक कामटी तिरकी बांधा. सांगाडा ताठ करायला ती मदत करते आणि बल्बचं होल्डरही तिलाच टांगता येतं. बाकी पाच चौकोनांत पांढऱ्या बारीक दोऱ्याची फुली घाला. दोन्ही दोरे 28.3 सेंटिमीटरवर ताणलेले हवेत. एक दोरा घट्ट आणि दुसरा सैल असेल तर तो चौकोन अजून तिरकाच आहे. दिवा लागल्यावर बारीक पांढरा दोरा कागदाआडून जवळपास दिसत नाही.

चिकटवायला खळ उत्तम. 30 ग्रॅम मैदा थोड्या गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवा, एकूण पाणी 250 मिलिलिटर होईल इतकं गरम पाणी घाला आणि मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत ढवळा. खळ कामटीला लावायची, कागदाला नाही. पतंगी कागद खळीने भिजला की ओढताना फाटतो. चौकोनासाठी 22 सेंटिमीटरचा तुकडा कापा. त्रिकोणाची बाजू 20 आणि उंची 17.3 सेंटिमीटर असते, तिथंही चहूबाजूंनी एक सेंटिमीटर जास्त ठेवा. आधी त्रिकोण लावा, मग चौकोन, म्हणजे चौकोनाच्या कडा त्रिकोणांच्या दुमडी झाकून टाकतात. वरचा चौकोन उघडाच ठेवायचा. उष्णता तिथून बाहेर जाते आणि बल्ब बदलायला हातही जातो. कागद थोडा सैल राहिलाच, तर खळ पूर्ण वाळल्यावर अगदी बारीक फवाऱ्याने पाणी मारा. वाळताना कागद आकसून ताठ होतो. मात्र गडद लाल आणि जांभळ्या कागदांचा रंग पाण्याने उतरतो, आधी कपचीवर बघा.

बल्ब 5 ते 7 वॉटचा एलईडी लावा आणि तो बरोबर मध्यावर टांगा. या मापाच्या कंदिलात मध्यापासून चौकोनाचा कागद 14 सेंटिमीटरवर येतो, ते अंतर पुरेसं आहे. जुना 60 वॉटचा तारेचा बल्ब या कंदिलात लावू नका. त्याने कागद पिवळा पडतो आणि वाऱ्याने बल्ब कागदाला टेकला तर आग लागू शकते. कागदाच्या करंज्या आणि झिरमिळ्या सगळ्यात शेवटी, कंदील टांगल्यावर लावा. आधी लावल्या तर उचलताना हमखास चुरगळतात.

प्रश्न: घरी केलेलं उटणं दरवर्षी मैत्रिणींना देते. या खेपेला दोन महिन्यांत त्यात किडे झाले, आणि एकीला लावल्यावर उन्हात गेली तर अंगावर काळे डाग आले. जिन्नस सगळे आईच्या यादीतलेच होते. (सांगली)

तुमच्या पत्रात दिलेल्या यादीत बावची आहे. डागांचं कारण बहुधा तेच आहे. बावचीत सोरालेन नावाचं द्रव्य असतं. ते त्वचेवर असताना ऊन लागलं तर त्वचा भाजल्यासारखी लाल होते आणि नंतर तिथं काळे डाग राहतात. जुन्या याद्यांत बावची सर्रास सापडते आणि पहाटेच्या अभ्यंगस्नानानंतर घरात थांबणाऱ्यांना कदाचित काही जाणवतही नसेल. पण दुसऱ्याला द्यायच्या उटण्यात ती घालू नका, कारण ते कोण, केव्हा लावणार हे आपल्या हातात नसतं. मैत्रिणीचे डाग अजून असतील तर तिला त्वचारोगतज्ज्ञांना दाखवायला सांगा.

अर्धा किलोचं प्रमाण असं धरा: मसूर डाळीचं पीठ 200 ग्रॅम, आंबेहळद 50, नागरमोथा 50, कचोरा 50, वाळा 50, वाळलेल्या गुलाबपाकळ्या 50, संत्र्याची साल 25 आणि चंदन पावडर 25 ग्रॅम. ही सगळी वजनं चाळून झालेल्या पावडरीची आहेत. नागरमोथा आणि वाळा यांत चोथा पुष्कळ निघतो, तेव्हा आख्खे आणणार असाल तर दीडपट घ्या. स्वस्त चंदन पावडर म्हणजे बऱ्याचदा वास लावलेला लाकडाचा भुसा असतो. खात्रीची मिळत नसेल तर चंदन सरळ वगळा, नागरमोथा आणि वाळ्याचा सुगंध पुरेसा आहे. स्वयंपाकातली हळद घालू नका, तिचा पिवळा डाग कपड्यांवरून आणि टॉवेलवरून जात नाही.

किड्यांचं कारण डाळ आणि संत्र्याची साल. डाळ दोन दिवस उन्हात तापवून मग कढईत नुसती गरम होईपर्यंत परता, रंग बदलू देऊ नका, आणि पूर्ण गार झाल्यावर दळा. साल वाळली की नाही हे ओळखायला ती वाकवून बघा. कडकन तुटली तर वाळली, वाकली तर अजून ओल आहे. गुलाबपाकळ्या सावलीत वाळवा, उन्हात रंग आणि वास दोन्ही जातात. मिक्सरमध्ये दळताना भांडं गरम होतं. त्या गरम पावडरीवर लगेच झाकण लावलं की आत वाफ धरते आणि सगळी वाळवण फुकट जाते. दळल्यावर परातीत पसरून तासभर गार करा.

अंगाला टोचतं अशी तक्रार इतर दोन वाचकांचीही आहे. पिठाच्या चाळणीने उटणं बारीक होत नाही. ते वस्त्रगाळच हवं: मलमलचं जुनं धुतलेलं कापड पातेल्याच्या तोंडावर सैलसर बांधा, वर दोन-तीन चमचे पावडर घाला आणि हाताने हलकेच फिरवा. वर राहिलेला चोथा पुन्हा दळायच्या भानगडीत पडू नका, वाळ्याचे तंतू कधीच पीठ होत नाहीत.

50 ग्रॅमच्या पुड्या आतून प्लास्टिकचं अस्तर असलेल्या पाकिटांत भरा आणि पाकिटावर जिन्नसांची पूर्ण यादी आणि केल्याची तारीख लिहा. सहा महिन्यांत संपवायला सांगा. 'आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस बघा' ही ओळही छापा. भेट देण्यापुरतं ठीक आहे, पण असं उटणं विकायचं ठरवलंत तर उत्पादनाचा परवाना लागतो. त्याची चौकशी अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात आधी करा.

प्रश्न: मातीच्या पणत्या ॲक्रिलिकने रंगवून भेट दिल्या. तेल घातल्यावर दुसऱ्याच दिवशी रंगाचे पापुद्रे निघाले आणि खाली तेलाचं तळं झालं. रंग हलका होता का? (नाशिक)

रंग चांगलाच असणार. भाजलेली माती सच्छिद्र असते, तेल ती पिते आणि बाहेरच्या बाजूला आणते. तिथं ॲक्रिलिकचा पातळ पापुद्रा बसलेला असतो. तेल त्याच्या मागे साठतं आणि रंग मातीपासून सुटतो. वरून वॉर्निश मारूनही उपयोग होत नाही, कारण हल्ला आतून आहे.

तेलासाठीच द्यायच्या असतील तर पणतीला नुसता गेरू लावा आणि काठावर पांढऱ्या रंगाचे ठिपके द्या. तेल पाझरलं तरी गेरू वाईट दिसत नाही, उलट गडद होतो. पणत्या रात्रभर पाण्यात बुडवून सकाळी वरवर वाळवून वापरल्या तर पहिल्या दिवशी तेल कमी पितात. तरीही खाली लहान ताटली हवीच.

रंगीत, नक्षीदार पणती द्यायची हौस असेल तर तिच्यात तेलाऐवजी मेण ओतून द्या. मेण गार झालं की घट्ट होतं आणि मातीत फारसं उतरत नाही. अशा वेळी क्रम उलटा. पणत्या धुऊन दोन दिवस कडक उन्हात वाळवा, बाहेरून रंगवा, रंग पूर्ण एक दिवस वाळू द्या, आणि मगच मेण. आतला भाग आणि वातीच्या चोचीजवळचा काठ कोरा ठेवा, तिथं ज्योत रंगाला लागते. पणतीत थोडी जरी ओल असली तरी गरम मेण ओतल्यावर बुडबुडे येतात आणि ते तसेच गोठतात.

प्रश्न: मेणाच्या पणत्यांत मधे खड्डा पडतो, वात काही वेळाने विझते, आणि कितीही सुगंधी तेल घातलं तरी वास येत नाही. (पनवेल)

तिन्हींची कारणं वेगळी आहेत, एकेक घेऊ.

खड्डा पडणारच. मेण गार होताना आकसतं. कडेचं आधी घट्ट होतं आणि मधलं नंतर, म्हणून खड्डा वातीभोवती पडतो. पहिल्यांदा ओतताना काठापासून अर्धा सेंटिमीटर खाली थांबा. तासाभराने, मेण अजून कोमट असताना, वातीभोवती एका सळीने दोन-तीन भोकं पाडा आणि राखून ठेवलेलं मेण ओता. एकूण मेणाच्या साधारण सहाव्या भागाइतकं दुसऱ्या वेळेसाठी बाजूला ठेवावं.

वात विझण्याची दोन कारणं असतात. एकतर वात बारीक पडते, वितळलेल्या मेणाचं तळं तिला बुडवतं. 5 ते 6 सेंटिमीटर रुंद पणतीला विणलेली मध्यम जाडीची सुती वात आणि खाली पत्र्याची चकती हवी. वात आधी वितळलेल्या मेणात बुडवून ताठ करून घ्या आणि वर 6 मिलिमीटर ठेवून कापा. दुसरं कारण रंग. तुम्ही मुलांचे मेणखडू वितळवून घातल्याचं लिहिलं आहे. त्यांतली रंगद्रव्यं मेणात विरघळत नाहीत, नुसती तरंगतात, आणि वातीच्या धाग्यांत अडकून मेण वर चढायचा रस्ता बंद करतात. मेणबत्तीचा म्हणून मिळणारा तेलात विरघळणारा रंगच वापरा, तोही चिमूटभर.

वास न येण्याचं कारण बहुधा तापमान. मेण 90 अंशांवर असताना सुगंध घातला तर तो तिथंच उडून जातो. आचेवरून उतरवा, 70 अंशांच्या आसपास आलं की सुगंध घाला, दोन मिनिटं सावकाश ढवळा आणि मग ओता. प्रमाण वजनाच्या 6 टक्के, म्हणजे एक किलो मेणाला 60 ग्रॅम. याहून जास्त घातलं तर ते मेणात मुरत नाही, वर तेलकट थेंब सुटतात आणि ज्योत धूर करते. पूजेचं अत्तर किंवा कपड्यांवर मारायचा स्प्रे चालत नाही. त्यांतल्या अनेकांत अल्कोहोल किंवा पाणी असतं, ज्योत तडतडते.

30 ग्रॅमच्या पणतीच्या हिशेबाने एक किलो मेणात 33 पणत्या होतात. मेण नेहमी पाण्याच्या पातेल्यात दुसरं पातेलं ठेवून वितळवा, थेट आचेवर नको. ते उकळत नाही म्हणून तापलेलं कळत नाही, आणि धूर दिसायला लागला की ते पेट घेण्याच्या वाटेवर असतं. पेटलंच तर गॅस बंद करून झाकण घाला. पाणी कधीही टाकू नका. पाण्याची वाफ होते आणि जळतं मेण अंगावर उडतं. मुलांना रंगवायला बसवा, ओतायला नको.

प्रश्न: ग्लिसरीन साबणाच्या वड्या साच्यात ओतून केल्या. दुसऱ्या दिवशी सगळ्यांवर पाण्याचे थेंब. (मुंबई)

ते पाणी साबणातून आलेलं नाही, हवेतून आलं आहे. ग्लिसरीन हवेतला दमटपणा ओढून घेतं आणि मुंबईत ऑक्टोबरमध्ये दमटपणाला तोटा नाही. साच्यातून काढल्या काढल्या वडी कोरड्या हाताने पातळ प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळा, आत हवा राहता कामा नये. फ्रीजमध्ये ठेवून लवकर घट्ट करायचा मोह टाळा. बाहेर काढल्यावर थंड वडीवर थेंब आणखी जमतात. आलेले थेंब पुसून वडी गुंडाळली तरी चालेल, साबण वाया गेलेला नाही.

प्रश्न: क्रेप कागदाच्या झेंडूंचं तोरण केलं. पावसाची एक सर आली आणि भिंतीवर केशरी ओघळ उतरले. दुसरं काही सुचवा. (रत्नागिरी)

क्रेप कागदाचा रंग पाण्याने सुटतो, कोकणात तो दाराबाहेर लावूच नये. लोकरीचे गोंडे करा. तीन बोटांभोवती 80 वेढे घ्या, बोटांतून काढून मधोमध दोऱ्याने जितकं आवळता येईल तितकं आवळा, दोन्ही बाजूंचे वेढे कापा आणि कात्रीने गोल छाटा. 5 सेंटिमीटरचा गोंडा होतो, एकाला साधारण 10 मीटर लोकर लागते. गोंडे विरळ दिसतात ते वेढे कमी पडल्याने किंवा मधली गाठ सैल राहिल्याने. 90 सेंटिमीटर दाराला मधे थोडी झोळ धरून 22 गोंडे पुरतात. केशरी आणि पिवळे आलटून पालटून, आणि मधे हिरव्या फेल्टची आंब्याची पानं. छाटताना धीर धरा. गोंडा गोल होतो तो शेवटच्या पाच मिनिटांत, आणि ती गोलाई आल्यावर लोकरीचा झेंडू खरोखर देखणा दिसतो.

प्रश्न: लाडू द्यायला घरीच कागदी डबी करायची आहे. कोणता कागद, काय माप? आणि आतून वर्तमानपत्र लावलं तर चालेल का? (सोलापूर)

वर्तमानपत्र नको. शाई तुपात उतरते आणि लाडवाला लागते. खाद्यपदार्थ वर्तमानपत्रात बांधायला 2018 च्या पॅकेजिंगच्या नियमांनी मनाईच केली आहे. आतून बटर पेपर लावा.

चौरस कागदाची घडीची डबी सगळ्यात सोपी, तिला गोंदही लागत नाही. चारही कोपरे मध्यावर आणा, मग समोरासमोरच्या बाजू मध्यापर्यंत दुमडून उलगडा, दोन कोपरे उघडा आणि घड्यांवरून भिंती उभ्या करा. या घडीत तळाची बाजू कागदाच्या बाजूच्या 0.354 पट येते आणि उंची तळाच्या निम्मी. 30 सेंटिमीटरच्या कागदाची डबी 10.6 सेंटिमीटर लांब-रुंद आणि 5.3 सेंटिमीटर उंच होते. 5 सेंटिमीटर व्यासाचे चार लाडू तिच्यात नेमके बसतात. झाकणासाठी 30.8 सेंटिमीटरचा कागद घ्या. दोन्ही एकाच मापाचे कापले तर झाकण बसतच नाही, ही सगळ्यात सर्रास होणारी गफलत आहे.

कागद 150 ते 170 जीएसएमचा, म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं वजन तितके ग्रॅम. 300 जीएसएमचा कार्डपेपर घडीवर तडकतो, तो कापून चिकटवायच्या खोक्यांसाठी ठेवा. चकली, शेव असले पदार्थ मात्र नुसत्या कागदी डबीत देऊ नका, संध्याकाळपर्यंत मऊ पडतात. आधी बंद पिशवीत, मग डबीत.

प्रश्न: चौथीच्या वर्गाला एका तासिकेत करता येईल असा कंदील हवा. चाळीस मुलं, बोथट कात्र्या. (अकोला)

प्रत्येकी ए-फोर आकाराचे दोन रंगीत कागद, 120 जीएसएमचे. झेरॉक्सचा 80 जीएसएमचा कागद फुगवटा धरत नाही, बसतो. पहिला कागद लांबीत दुमडायचा, घडीकडून सुरुवात करून दर दीड सेंटिमीटरवर काप द्यायचे आणि कडेपासून 2 सेंटिमीटर आधी थांबायचं. ही थांबायची रेघ पेन्सिलीने आधी आखून घ्या, नाहीतर निम्मी मुलं कागद आरपार कापतील. दुसरा कागद 29.7 बाय 17 सेंटिमीटरचा कापून त्याची नळी करायची. कापलेला कागद उलगडून तिच्याभोवती गुंडाळायचा आणि त्याच्या वरच्या-खालच्या कडा नळीच्या कडांना चिकटवायच्या. बाहेरचा कागद 21 सेंटिमीटरचा आणि नळी 17 ची, म्हणून पट्ट्या बाहेर फुगतात. आदल्या दिवशी नळ्या तुम्ही करून ठेवल्यात तर तासिका पुरेल. यात दिवा लावायचा नाही, हे मुलांना आणि पालकांना नक्की सांगा.

प्रश्न: मेलबर्नला मुलीकडे घरचा कंदील आणि उटणं पाठवायचं आहे. (पुणे)

उटणं पाठवू नका. ऑस्ट्रेलियात वनस्पतिजन्य पदार्थ, बिया, लाकूड, बांबू यांची तपासणी कडक असते, पार्सल अडकू शकतं किंवा नष्ट केलं जाऊ शकतं. बांबूचा कंदीलही त्याच कारणाने नको. वरच्या उत्तरातला कागदी कंदील कापून, न चिकटवता सपाट पाठवा. कडांना दुहेरी चिकटपट्टी लावून तिचा वरचा कागद तसाच ठेवा, मुलीने तो सोलून जोडायचं तेवढं. झिरमिळ्या गुंडाळू नका, पुठ्ठ्यावर सपाट ठेवा. पाकिटावर आत कागदी सजावट आहे असं स्पष्ट लिहा. उटण्याचे जिन्नस तिथल्या भारतीय दुकानांत मिळाले तर तीच करू शकेल, प्रमाण वर दिलं आहेच.

प्रश्न: मुलांच्या किल्ल्यावर हिरवळ कधीच वेळेत येत नाही. उतारावरचं बी वाहून जातं. (सातारा)

हळीव पेरा. भिजवलं की त्याभोवती बुळबुळीत थर येतो आणि त्याने बी उतारालाही चिकटून राहतं. 2 चमचे हळीव अर्ध्या वाटी पाण्यात वीस मिनिटं भिजवून ते बोटांनी ओल्या मातीवर पातळ थापायचं, वरून माती टाकायची नाही. दोन दिवसांत मोड दिसतात आणि पाच-सहा दिवसांत हिरवंगार होतं. वसुबारसेला हिरवळ हवी असेल तर कोजागरीनंतर साधारण सहा दिवसांनी पेरा. फार आधी पेरलं तर रोपं लांबून आडवी पडतात. गहू आणि मोहरीही उगवतात, पण गव्हाची पाती इतकी उंच होतात की बुरूजच दिसेनासा होतो. पाणी तांब्याने ओतू नका, फवारा मारा, दिवसातून तीनदा. आणि तटबंदी रंगवायची असेल तर पेरणीच्या आधी रंगवा.